एक हार्डडिस्क आणि तीन संगणक: वाचनालयाच्या संग्रहाच्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२५

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या वाचनालयाच्या जुन्या संग्रहाचे डिजिटल रूप तयार करण्याचे काम आजपासून रीतसर सुरू होत आहे. संग्रहात सभासदांनी दरवर्षी काढलेले हस्तलिखित अंक आहेत, व्याख्यानमालेच्या ध्वनिफिती आहेत आणि नंतरच्या काळातील मिनी-डीव्ही चित्रफिती आहेत. स्कॅनर वाचनालयातल्या विंडोज १० च्या संगणकाला जोडलेला असून ते काम ग्रंथपाल ताई पाहतात. चित्रफिती संगणकावर उतरवण्यासाठी फायरवायर या जुन्या प्रकारच्या जोडणीचा पोर्ट लागतो आणि तो आमच्यापैकी केवळ वाशीला राहणाऱ्या काकांच्या २०११ च्या आयमॅकला आहे. त्यावर हाय सिएरा ही प्रणाली चालते. ध्वनिफितींचे रूपांतर, सर्व फायलींची तपासणी आणि अंतिम सूची माझ्याकडे आहे. माझ्या लॅपटॉपवर डेबियन १२, म्हणजे लिनक्स, आहे.

फायली इंटरनेटवरून पाठवण्याचा विचार आधी केला. ए४ आकाराच्या एका पानाचे ६०० डीपीआयचे रंगीत टिफ चित्र, आकार न दाबता ठेवले, तर सुमारे १०४ मेगाबाइटचे होते. डीव्ही चित्रफितीच्या एका तासाला सुमारे १३ गिगाबाइट लागतात. घरगुती जोडणीचा अपलोड वेग सेकंदाला २० मेगाबिट धरला, तर अशी एक फीत वर चढवायला जवळजवळ दीड तास जाईल, आणि तोही सगळा वेग त्या एकाच कामाला मिळाला तर. ठाणे-वाशी लोकलने एक एक्स्टर्नल हार्डडिस्क हातोहात नेणे याहून सोपे आणि स्वस्त आहे. २ टेराबाइटची, यूएसबीवरच चालणारी अडीच इंची डिस्क घेतली आहे. तिघांच्या तीन प्रणाली असल्यामुळे तिचे फॉरमॅट, म्हणजे फायली डिस्कवर मांडून ठेवण्याची पद्धत, कोणते ठेवायचे, हा पहिला निर्णय आहे आणि तो डिस्कवर एकही फाइल चढण्यापूर्वी व्हायला हवा, कारण नंतर बदलायचे म्हणजे सगळे उतरवून पुन्हा चढवायचे.

८ जून २०२५

पर्यायांचा विचार सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी विचारले तर कारणे सापडतील.

फॅट३२ सर्वत्र चालते. १९९६ साली विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आलेली ही पद्धत टीव्हीपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळ्यांना समजते. परंतु तिच्यात एका फाइलचा आकार ४,२९,४९,६७,२९५ बाइटच्या पुढे, म्हणजे ढोबळमानाने ४ गिगाबाइटच्या पुढे, जाऊ शकत नाही. डीव्ही चित्रफीत ही मर्यादा विसाव्या मिनिटाच्या आसपासच गाठते. दीड तासाच्या व्याख्यानाचे तुकडे करून ठेवणे हा संग्रहाच्या दृष्टीने मार्ग नव्हे, म्हणून हा पर्याय इथेच बाद झाला.

एनटीएफएस ही विंडोजची १९९३ पासूनची स्वतःची पद्धत असून ती भक्कम आहे. लिनक्समध्ये तिचे वाचन आणि लेखन दोन्ही होते. पूर्वी त्यासाठी एनटीएफएस-३जी हा स्वतंत्र प्रोग्रॅम लागे, आणि २०२१ च्या ५.१५ या आवृत्तीपासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच, एनटीएफएस३ हा नवा ड्रायव्हर (ती पद्धत हाताळणारा प्रोग्रॅम) आला आहे. अडचण मॅकची आहे. मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो, पण मूळ प्रणालीतून तिच्यावर लिहू देत नाही. त्यासाठी बाहेरचा ड्रायव्हर बसवता येतो, मात्र काकांचा आयमॅक जुना आहे, चित्रफिती उतरवण्याचे काम त्याच्याशिवाय होणार नाही, आणि त्याच्या प्रणालीच्या गाभ्यात आणखी काही घुसवणे मला योग्य वाटत नाही. शिवाय विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे, तिच्यामुळे संगणक बंद केल्यासारखा दिसतो, पण खरे तर तो अर्धवट निद्रेत गेलेला असतो. अशा वेळी डिस्क नीट न काढता उपटली, तर एनटीएफएसवर ‘अपूर्ण’ अशी खूण राहून जाते आणि लिनक्स ती डिस्क लिहिण्यासाठी उघडायला नकार देऊ शकते.

मॅकचे एपीएफएस आणि लिनक्सचे ईएक्सटी४ यांचा प्रवासी डिस्कसाठी विचार करण्यात अर्थ नाही. विंडोजला ही दोन्ही आपली आपण वाचता येत नाहीत. त्याहून गंभीर गोष्ट अशी की अशी डिस्क जोडली की विंडोज ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असा निरोप दाखवते, आणि मॅकही न वाचता येणाऱ्या डिस्कबाबत तिला नव्याने तयार करण्याचा पर्याय समोर ठेवतो. घाईत असलेल्या माणसाने तिथे होकार दिला, तर वर्षभराचे काम एका क्षणात जाऊ शकते. म्हणून घरी ठेवायची जी प्रत मी ईएक्सटी४ वर करणार आहे, ती माझ्या घराबाहेर जाणार नाही, असा नियम आजच करतो.

उरते एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने ते २००६ साली आधी छोट्या उपकरणांसाठी आणले आणि २००८ मध्ये व्हिस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकबरोबर ते घरच्या संगणकांवर आले. मॅकला ते २०१० च्या १०.६.५ या आवृत्तीपासून कळते. लिनक्सकडे ते उशिरा पोहोचले, कारण त्याचा तपशील खुला नव्हता. ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो प्रसिद्ध केला, त्याच वर्षीच्या ५.४ या कर्नलमध्ये प्राथमिक ड्रायव्हर आला आणि २०२० च्या ५.७ मध्ये सॅमसंगने दिलेला सुधारित ड्रायव्हर त्याच्या जागी बसला. डेबियन १२ चा कर्नल ६.१ आहे, त्यामुळे माझ्याकडे तपासणीची साधने असलेले एक्सएफएटीप्रोग्ज हे पॅकेज तेवढे बसवावे लागले. जुन्या लेखांमधून ‘लिनक्सवर एक्सफॅट चालत नाही’ असे अजून वाचायला मिळते, पण ते आता खरे राहिलेले नाही.

एक्सफॅटचे दोष स्पष्ट आहेत. त्यात जर्नल नाही, म्हणजे लिहिताना मध्येच खंड पडला तर काय चालू होते याची नोंद कुठे राहत नाही. त्यात फायलींच्या मालकीची आणि परवानगीची सोय नाही. डिस्क ज्याच्या हातात, त्याला सगळे वाचता आणि पुसता येते. हे दोष लक्षात घेऊन मी असे ठरवले आहे की ही डिस्क टपालाच्या थैलीसारखी वापरायची. तिच्यात जे असेल ते तिच्या दोन्ही टोकांना आधीपासून असेल किंवा पोहोचताक्षणी उतरवले जाईल. एखाद्या फाइलची एकमेव प्रत तिच्यात कधीही राहणार नाही. ही अट पाळली जाणार असेल तरच एक्सफॅट योग्य आहे. कुणाला एकच डिस्क घेऊन तिच्यावरच सगळा संग्रह कायमचा ठेवायचा असेल, तर त्याला मी एक्सफॅट सुचवणार नाही.

परवानगीच्या मुद्द्यावरून आणखी एक निर्णय निघतो. वाचनालयाच्या जुन्या सभासद-नोंदवह्यांमध्ये लोकांचे पत्ते आहेत. त्या स्कॅन होतील, पण या डिस्कवर चढणार नाहीत.

१४ जून २०२५

डिस्क वाचनालयातल्या विंडोजवर फॉरमॅट केली. डिस्कचे भाग पाडून त्यांची नोंद ठेवण्याची पद्धत जीपीटी ठेवली. जुनी एमबीआर पद्धत ५१२ बाइटच्या सेक्टरांसह (डिस्कवरच्या सर्वांत लहान कप्प्यांसह) साधारण २.२ टेराबाइटपर्यंतच पोहोचते. आत्ताची डिस्क तिच्यात मावली असती, परंतु पुढे मोठी डिस्क घेतली तर कार्यपद्धत तीच राहावी असे वाटते. क्लस्टरचा, म्हणजे फाइलला दिल्या जाणाऱ्या जागेच्या किमान तुकड्याचा, आकार विंडोजने आपणहून १२८ किलोबाइट सुचवला आणि तो तसाच ठेवला. याचा अर्थ दोन किलोबाइटची टिपणाची फाइलसुद्धा डिस्कवर १२८ किलोबाइट जागा अडवील. आमच्या फायली मुख्यतः प्रचंड आकाराच्या असल्यामुळे ही नासाडी नगण्य आहे.

डिस्कला ‘वाचनालय’ असे नाव दिले. एक्सफॅटमध्ये नावाला ११ चिन्हांची मर्यादा आहे आणि काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक चिन्हे स्वतंत्र मोजली जातात. ‘वाचनालय’ सात चिन्हांत बसते.

ताईंनी विचारले, “खोक्यावर २ टीबी लिहिले आहे आणि इथे १.८१ टीबी दिसते, मग बाकीची जागा गेली कुठे?” जागा कुठेही गेलेली नाही. उत्पादक १,००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीत मोजून तीच संज्ञा वापरते. आयमॅकवर हीच डिस्क २ टीबी दिसेल. नोंदवहीत आकार लिहिताना आम्ही बाइटचा पूर्ण आकडा लिहिणार आहोत, कारण तो तिन्ही ठिकाणी सारखाच दिसतो.

२१ जून २०२५

पहिली फेरी झाली. काकांनी उतरवलेल्या चित्रफिती वाशीहून आल्या. आयमॅकचे यूएसबी पोर्ट २.० चे आहेत, त्यामुळे प्रत्यक्ष वेग सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइटच्या दरम्यानच मिळतो आणि एका तासाच्या फितीला सहा-सात मिनिटे लागतात. ते सोसण्यासारखे आहे.

ताईंनी डिस्क विंडोजवर उघडली तेव्हा प्रत्येक चित्रफितीच्या शेजारी तिच्याच नावाची, पण सुरुवातीला टिंब आणि अधोरेषा असलेली एक छोटी फाइल दिसली आणि ती उघडेना. फायली बिघडल्या आहेत की काय, अशी शंका त्यांना आली आणि ती स्वाभाविक होती. मॅक प्रत्येक फाइलसोबत काही जादा माहिती बाळगतो. ती साठवण्याची सोय एक्सफॅटमध्ये नसल्यामुळे तो ती शेजारच्या स्वतंत्र फाइलमध्ये ठेवतो. आमच्या कामासाठी या माहितीचा उपयोग नाही. काकांना डिस्क काढण्यापूर्वी टर्मिनलमध्ये चालवण्यासाठी ‘डॉट-क्लीन’ ही आज्ञा लिहून दिली आहे, आणि माझ्याकडे प्रत करताना आरसिंक हा प्रोग्रॅम अशा फायली वगळतो. विंडोजसुद्धा डिस्कच्या मुळाशी ‘सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाचे फोल्डर आणि कचऱ्याचे फोल्डर तयार करते. या सगळ्याला हात न लावता सूचीतून वगळणे पुरेसे आहे.

डिस्क काढण्याविषयी तिघांनी एकच शिस्त ठरवली: विंडोजवर ‘सेफली रिमूव्ह’, मॅकवर ‘इजेक्ट’, लिनक्सवर ‘अनमाउंट’, आणि त्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. विंडोज १० च्या २०१८ मधील १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण मूळचेच असते, हे खरे आहे. तिथे लिहिलेले फार काळ तात्पुरत्या स्मृतीत राहत नाही. लिनक्सवर मात्र प्रगतीची पट्टी शंभर टक्के झाली तरी बरेच काही अजून मेमरीतच असू शकते, आणि ‘अनमाउंट’ला लागणारा वेळ हा ते प्रत्यक्ष डिस्कवर उतरण्याचा वेळ असतो. एका यंत्रावर चालणारी सवय दुसऱ्या यंत्रावर घातक ठरते, म्हणून सर्वांसाठी सर्वांत कडक नियम घेतला.

५ जुलै २०२५

आज दुपारी ताई हस्तलिखितांची चित्रे डिस्कवर चढवत असताना वीज गेली. वाचनालयाच्या संगणकाला यूपीएसचा आधार नव्हता आणि डिस्क यूएसबीवरच चालत असल्यामुळे तीही त्याच क्षणी बंद पडली. ज्या प्रसंगाची भीती होती तोच हा. त्यामुळे काय घडले आणि काय केले, ते बारकाईने लिहितो.

एक्सफॅटच्या पहिल्या सेक्टरमध्ये एक खूण असते. डिस्कवर लिहिणे सुरू झाले की ती ‘अपूर्ण’ अशी होते आणि डिस्क नीट काढली की पूर्ववत होते. वीज आल्यावर विंडोजने या खुणेमुळेच ‘या ड्राइव्हमध्ये अडचण आहे, तपासून दुरुस्त करा’ असे सुचवले. तपासणीत कोणती जागा वापरात आहे याचा नकाशा आणि फोल्डरांतल्या नोंदी यांचा मेळ घातला जातो. एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ असते, तर जर्नल पाहून हे काम काही क्षणांत झाले असते. एक्सफॅटमध्ये सगळ्या नोंदी चाळाव्या लागतात. तपासणी पूर्ण झाली आणि फोल्डरांत काही विस्कटले नव्हते.

तरीही काम तिथे संपत नाही. ज्या चित्राची प्रत होत असताना वीज गेली, ते चित्र फोल्डरमध्ये पूर्ण आकाराचे दिसत होते. एक्सफॅट प्रत्येक फाइलसाठी दोन लांब्या नोंदवते: फाइलला दिलेली एकूण लांबी आणि त्यातला खरोखर लिहिला गेलेला भाग. प्रत करणारा प्रोग्रॅम आधी पूर्ण जागा राखून ठेवतो आणि मग भरत जातो. त्यामुळे मध्येच थांबलेली फाइल आकाराने मूळ फाइलएवढीच दिसू शकते, पण तिच्या उरलेल्या भागात आपला मजकूर नसतो. पान उघडले तेव्हा वरचा एक-तृतीयांश भाग स्वच्छ होता आणि खाली काळा पट्टा होता. आकार जुळला म्हणजे प्रत झाली, असे मानणाऱ्या कोणत्याही पद्धतीला हे पान बरोबरच वाटले असते. आणि जर्नल असते तरी हे पान वाचले नसते, कारण ते जर्नल मुख्यतः नोंदींचे रक्षण करते, फाइलच्या आतल्या मजकुराचे करीत नाही. ही गोष्ट लोकांना सहसा सांगितली जात नाही.

मूळ चित्र वाचनालयाच्या संगणकावर होतेच, त्यामुळे नुकसान काही झाले नाही. ‘एकमेव प्रत डिस्कवर नको’ ही अट याचसाठी होती.

आजपासून प्रत्येक फाइलबरोबर तिचा शा-२५६ चेकसम जाणार आहे. हा ६४ चिन्हांचा ठसा फाइलमधला एक बाइट जरी बदलला तरी पूर्ण वेगळा येतो. तिन्ही प्रणालींवर तो काढण्याच्या आज्ञा मुळातच असतात, पण त्यांचे निष्पन्न सारखे नसते: विंडोजच्या पॉवरशेल या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमने फाइलमध्ये वळवलेली यादी यूटीएफ-१६ या अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या वेगळ्या पद्धतीत लिहिली जाते आणि ओळींचे शेवटही वेगळे असतात, त्यामुळे लिनक्सवरचा तपासनीस ती वाचू शकत नाही. म्हणून पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहून तोच तिन्ही यंत्रांवर ठेवला आहे. तो यादी नेहमी यूटीएफ-८ मध्ये लिहितो. सगळ्या डिस्कचे ठसे दर वेळी काढणे परवडणारे नाही, कारण १ टेराबाइट वाचायलाच सेकंदाला १०० मेगाबाइटच्या वेगाने पावणेतीन तास जातात. त्या फेरीत नव्याने चढलेल्या फायलींचेच ठसे पाठवणारा काढेल आणि घेणारा पडताळेल. वाचनालयासाठी यूपीएस घेण्याचे समितीने मान्य केले आहे. तोवर मोठी प्रत बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपवरूनच होईल.

१२ जुलै २०२५

काकांचा फोन आला. “डिस्क जोडली, दिवा लुकलुकतो आहे, पण पडद्यावर काही येत नाही. काढून परत लावू का?” त्यांना काही वेळ थांबण्याची विनंती केली. डिस्क नीट न काढता निघालेली असली, तर मॅक ती दाखवण्यापूर्वी पार्श्वभूमीवर गुपचूप तपासणी करतो आणि मोठ्या एक्सफॅट डिस्कवर तिला बराच वेळ लागतो. या काळात कोणतीही सूचना दिसत नाही, आणि डिस्क पुन्हा उपटली तर तपासणी पहिल्यापासून सुरू होते. ‘अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर’मध्ये या तपासणीची प्रक्रिया चालू दिसते, हे काकांना दाखवले. काही वेळाने डिस्क आपोआप दिसू लागली.

१९ जुलै २०२५

आजचा विषय फॉरमॅटच्या पलीकडचा आहे आणि मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते.

सूची तपासताना एकाच फोल्डरमध्ये ‘शेतकऱ्यांचे प्रश्न’ या नावाची दोन फोल्डर शेजारीशेजारी दिसली. कोणतीही प्रणाली एका जागी एकाच नावाची दोन फोल्डर ठेवू देत नाही. एक ताईंनी तयार केले होते, दुसरे काकांनी. डोळ्यांना दोन्ही नावे अगदी सारखी दिसत होती, आत मात्र त्यांची सांकेतिक चिन्हे वेगळी होती.

‘ऱ्या’मधला अर्धा र लिहिण्याचे युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतात, एकाहून अधिक मार्ग आहेत. एका मार्गात ०९३१ क्रमांकाचे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्या मार्गात ०९३० क्रमांकाचा साधा ‘र’, मग हलन्त आणि त्यापुढे जोडणी दाखवणारे एक अदृश्य चिन्ह येते. तिसऱ्या मार्गात साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता (टिंब) असे दोन घटक मिळून पहिल्या मार्गातले ‘ऱ’ तयार होते. कोणत्या कीबोर्डमधून यातले काय बाहेर पडेल, ते टंकन करणाऱ्याला दिसत नाही. पडद्यावर तिन्ही एकच दिसतात, परंतु एक्सफॅट, एनटीएफएस आणि ईएक्सटी४ या तिघांच्याही लेखी ती तीन वेगळी नावे आहेत. आयमॅकच्या आतल्या डिस्कवर असलेली एचएफएस-प्लस ही पद्धत तर नाव साठवतानाच ‘ऱ’चे ‘र’ आणि नुक्ता असे विघटन करते, म्हणजे काकांनी पहिल्या मार्गाने लिहिले तरी त्यांच्याकडून निघालेले नाव तिसऱ्या मार्गाचे असू शकते. ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’, ‘वाऱ्यावरचे’, ‘पुढाऱ्यांची’ असे शब्द आमच्या सूचीत जागोजागी आहेत. शोध घेणाऱ्या वाचकाने एका रूपाने टाइप केले, तर दुसऱ्या रूपातले व्याख्यान त्याला मिळणारच नाही, आणि ते संग्रहात नाही असे समजून तो निघून जाईल.

सगळी नावे रोमन लिपीत ठेवावीत, असा सोपा उपाय समितीत सुचवला गेला. ताईंनी त्याला ठाम विरोध केला आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. संग्रह मराठी आहे, तो वापरणारे ज्येष्ठ सभासद फोल्डर उघडून नावे वाचतात, आणि एकाच शब्दाची रोमन रूपे तर आणखी पाच प्रकारे लिहिली जातात. नावे मराठीतच राहतील. पण प्रत्येक नाव डिस्कवर चढण्यापूर्वी एकाच रूपात आणले जाईल.

त्यासाठी ठसे काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोन पायऱ्या वाढवल्या. युनिकोडने ‘एनएफसी’ नावाचे प्रमाण रूप ठरवले आहे. त्यात ‘र’ आणि नुक्ता यांचे पुन्हा एक ‘ऱ’ होते. अदृश्य चिन्हाचा मार्ग मात्र या प्रमाणीकरणात बदलत नाही, तेव्हा ‘र’, हलन्त आणि ते चिन्ह असा क्रम सापडला की त्याच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालणे ही पायरी वेगळी लिहावी लागली. सरसकट सगळी अदृश्य चिन्हे काढून टाकणे चुकीचे ठरले असते, कारण इतर काही जोडाक्षरांत ती लिहिणाऱ्याने हेतुपूर्वक घातलेली असतात. ताईंनी जुन्या सूचीतली नावे स्वतः वाचून दिली आणि दुहेरी फोल्डर एकत्र झाली.

२ ऑगस्ट २०२५

एका व्याख्यानाचा पूर्ण मथळा, वक्त्याची ओळख आणि वर्ष असे सगळे फाइलच्या नावात आले होते. ती फाइल एक्सफॅटवर आणि विंडोजवर व्यवस्थित होती. माझ्या ईएक्सटी४ वरच्या प्रतीत ती उतरेना, ‘नाव फार लांब आहे’ असे उत्तर आले.

दोन्हीकडे मर्यादा २५५ चीच आहे, पण मोजणी वेगळी आहे. एक्सफॅट २५५ चिन्हे मोजते, तर ईएक्सटी४ २५५ बाइट मोजते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे लिनक्सवर मराठी नावाला प्रत्यक्षात ८५ चिन्हेच मिळतात, त्यातून फाइलच्या प्रकाराचे चार बाइट वजा. शिवाय आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते इथे एक चिन्ह नसते: ‘ष्ट्री’ यात सहा चिन्हे, म्हणजे १८ बाइट आहेत आणि ‘शेतकऱ्यांच्या’ या एका शब्दाला ३९ बाइट लागतात. इंग्रजी नावांवर काम करणाऱ्यांना ही मर्यादा जन्मात भेटत नाही.

यापुढे फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिनांक या क्रमाने तारीख आणि मथळ्याचे पहिले तीन-चार शब्द एवढेच राहील, आणि ५० चिन्हांच्या पुढे गेलेले नाव प्रोग्रॅम स्वीकारणार नाही. पूर्ण मथळा सूचीत जाईल. नावांमध्ये अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्ह आणि तिरकी रेघ यांनाही मनाई केली आहे, कारण लिनक्सच्या स्वतःच्या डिस्कवर यांतली बहुतेक चिन्हे चालतात, पण एक्सफॅट आणि विंडोज ती घेत नाहीत. व्याख्यानांच्या मथळ्यांना प्रश्नचिन्हे फार असतात. ती सूचीत शाबूत राहतील.

१० ऑगस्ट २०२५

आरसिंक काही ध्वनिफायली बदललेल्या नसतानाही पुन्हा पुन्हा प्रत करीत होता. त्या ध्वनिमुद्रकाच्या फॅट३२ कार्डावरून आलेल्या आहेत. फॅटमध्ये बदलाची वेळ दोन सेकंदांच्या पायरीने आणि स्थानिक वेळेनुसार नोंदली जाते, त्यामुळे ती मूळ वेळेशी नेमकी जुळत नाही. एका-दोन सेकंदांचा फरक सोडून देण्याचा पर्याय दिल्यावर हे थांबले. एक्सफॅट वेळ अधिक बारकाईने ठेवते आणि जागतिक वेळेपासूनचे अंतरही पंधरा मिनिटांच्या पटीत नोंदवते. आपले साडेपाच तास त्यात २२ पायऱ्यांनी बरोबर बसतात. मालकी व परवानग्या जपण्याचा आरसिंकचा पर्यायही बंद केला, कारण एक्सफॅटवर त्या जपताच येत नाहीत आणि निष्कारण त्रुटींची रांग लागते.

२३ ऑगस्ट २०२५

वाचनालयात यूपीएस आला. आता तिथे असताना मी डिस्क हातात घेत नाही. ती विंडोजच्या संगणकालाच जोडलेली राहते आणि मी वाचनालयाच्या वाय-फायवरून, सामाईक केलेल्या फोल्डरमार्फत फायली घेतो. अशा वेळी डिस्कचे फॉरमॅट काय आहे याच्याशी माझ्या लॅपटॉपचा संबंध येत नाही. ते सांभाळणे यजमान संगणकाचे काम असते. ज्यांचे सगळे संगणक एकाच छताखाली आहेत, त्यांनी एक्सफॅटच्या आधी हा मार्ग तपासावा. वाशीच्या फेऱ्यांसाठी मात्र डिस्कच लागेल.

विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार आहे, तेव्हा वाचनालयाच्या संगणकाचा निर्णय समितीला गणपतीनंतर घ्यावा लागेल. त्या जागी काहीही आले तरी ही डिस्क आणि पायथॉनचा प्रोग्रॅम तसेच चालतील, हे निवेदनात लिहून दिले आहे.

आजच्या तारखेला प्रत्येक फाइलच्या दोन स्थिर प्रती आहेत: एक वाचनालयात एनटीएफएसवर, दुसरी माझ्या घरी ईएक्सटी४ वर, आणि दोन्हींचे ठसे जुळलेले आहेत. तिसरी प्रत वाशीला काकांकडे वेगळ्या डिस्कवर ठेवायची आहे. ती डिस्क फक्त त्यांच्याच आयमॅकला लागणार असल्यामुळे तिच्यावर मॅकचेच फॉरमॅट राहील, आणि तिच्यावर ‘विंडोजला जोडू नये’ अशी चिठ्ठी डकवली जाईल. उरलेल्या चित्रफितींपैकी बुरशी आलेल्या फिती आधी उतरवायच्या, असे काकांशी बोलून ठरले आहे. पुढच्या शनिवारी डिस्क वाशीला जाईल.